पायांची वळवळ, डोपामाइनची गोळी आणि बदललेला स्वभाव

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या राजेंद्रनगर भागात राहणाऱ्या एका भगिनींच्या आईंचे वय ६२ आहे. चार वर्षांपूर्वी रात्री अंथरुणावर पडताच त्यांच्या पोटऱ्यांमध्ये वळवळ आणि ओढ सुरू होई आणि उठून फेऱ्या घालाव्या लागत. त्यासाठी मेंदूत डोपामाइनसारखे काम करणाऱ्या प्रॅमिपेक्सोलची ०.१२५ मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात त्या शांत झोपू लागल्या. पुढे परिणाम कमी वाटला की मात्रा वाढत गेली. आज ती दोन वेळा मिळून १ मिलिग्रॅम आहे. आता वळवळ दुपारी चारलाच सुरू होते आणि हातांतही जाणवते. स्वभाव चिडचिडा आणि उदास झाला म्हणून सहा महिन्यांपूर्वी एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरचे औषध सुरू झाले. पित्तासाठी रेबेप्रॅझोल आणि लेव्होसल्पिराइड यांची एकत्रित कॅप्सूल वर्षभर चालू आहे. रात्री उशिरापर्यंत मोबाइलवरून साड्या आणि भांडी मागवणे वाढले आहे. पुण्याला लग्नासाठी जाताना गोळ्या घरी राहिल्या, तेव्हा दोन दिवसांत त्या घाबऱ्याघुबऱ्या झाल्या, घाम फुटू लागला, रडू आवरेना. भगिनी विचारतात: आजार वाढतो आहे की औषध बाधते आहे, गोळी बंद करावी का, आणि पुढे हे मलाही होईल का?

आईंना प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान पक्के करता येत नाही. तरीही आपण मात्रा आणि वेळा इतक्या नेटकेपणाने लिहिल्या आहेत की मला माझे मत स्पष्टपणे मांडता येते. आईंचा मूळ आजार, म्हणजे पायांची वळवळ किंवा रेस्टलेस लेग्ज, बहुधा जेवढा होता जवळपास तेवढाच आहे. त्यावर औषधाने आणलेली वाढ चढली आहे आणि त्या वाढीला तेच औषध अधिक मात्रेत देऊन उत्तर दिले गेल्यामुळे ती आणखी पसरली. या प्रकाराला वैद्यकात ऑग्मेंटेशन म्हणतात. स्वभावातला बदल मात्र एकाच कारणाचा दिसत नाही. त्यातले धागे वेगळे केल्याशिवाय आणखी एखादी गोळी जोडणे योग्य होणार नाही. हे वाचून आज रात्रीपासूनच प्रॅमिपेक्सोल बंद करण्याचा मोह झाला, तर तो कृपया आवरावा. गोळी अचानक तुटली की काय होते, ते आपण पुण्यात पाहिलेच आहे.

रेस्टलेस लेग्ज हा आजार नवा नाही. इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी १६७२ साली त्याचे वर्णन केले आणि स्वीडनच्या कार्ल-ॲक्सेल एकबोम यांनी १९४५ साली त्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. निदानासाठी लागणाऱ्या खुणा चारच आहेत: पाय हलवण्याची अनावर इच्छा, ती विश्रांतीत सुरू होणे, चालल्या-ताणल्याने तात्पुरती शमणे, आणि संध्याकाळी व रात्री वाढणे. शिवाय पेटके, नसांचा दाह, शिरांची सूज किंवा सांधेदुखी यांनी त्याचा उलगडा होता कामा नये. आपल्याकडे ही तक्रार ‘वात आहे’, ‘नस दबली आहे’ अशा सदरांखाली वर्षानुवर्षे फिरत राहते. कॅल्शियमच्या गोळ्या आणि बी-१२ची इंजेक्शने होतात, घरातले कोणीतरी रोज रात्री पोटऱ्या दाबून देते. त्यामुळे जेव्हा एखादा डॉक्टर योग्य निदान करून प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल देतो आणि दोन रात्रींत चमत्कार झाल्यासारखे वाटते, तेव्हा त्या गोळीवर कुटुंबाचा पूर्ण विश्वास बसतो. पुढच्या सगळ्या गुंत्याचे मूळ बऱ्याचदा याच विश्वासात असते, कारण जी गोळी इतकी गुणकारी ठरली तीच तक्रार वाढवत असेल, ही शंका कोणाच्या मनाला शिवत नाही.

डोपामाइन हे मेंदूतील पेशींमध्ये निरोप पोहोचवणारे रसायन आहे आणि त्याच्या कामाला दिवस-रात्रीचा ठेका आहे. संध्याकाळनंतर त्याचा प्रभाव ओसरतो आणि म्हणूनच या रुग्णांची वळवळ रात्रीची असते. डोपामाइन तयार करणाऱ्या टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या विकराला लोह लागते आणि या आजारात रक्तातले लोह पुरेसे असूनही मेंदूत ते कमी पोहोचते. प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही औषधे डोपामाइनची ग्राहके, म्हणजे पेशींवरच्या ज्या जागी डोपामाइन बसते त्या जागा, थेट उत्तेजित करतात, तर लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामाइन बनते. सुरुवातीला या उत्तेजनाने रात्रीची उणीव भरून निघते. मग महिने-वर्षे तीच उत्तेजना रोज मिळत राहिली की ग्राहकांची घडी बदलते आणि औषधाचा असर ओसरताच तक्रार पूर्वीपेक्षा लवकर आणि जोराने उसळते. प्रत्येक वाढीव मात्रा ही उद्याच्या पगारातून आज घेतलेली उचल असते.

हे ओळखण्यासाठी माझ्या मते सर्वांत उपयोगी साधन घड्याळ आहे. वळवळ पूर्वी किती वाजता सुरू होत असे आणि आता किती वाजता होते, हा एकच प्रश्न तपासणीच्या अर्ध्या भागाचे काम करतो. तक्रार चार तास किंवा त्याहून अधिक अलीकडे सरकली असेल, तर ऑग्मेंटेशनचा संशय जवळपास पक्का मानावा. त्याशिवाय स्वस्थ बसल्यावर वळवळ सुरू व्हायला लागणारा वेळ कमी होणे, हातांत किंवा धडात पसरणे, गोळीचा असर पूर्वीपेक्षा कमी वेळ टिकणे, आणि मात्रा वाढवल्यावर काही आठवडे बरे वाटून पुन्हा अधिक बिघडणे, याही त्याच्याच खुणा आहेत. आईंच्या बाबतीत रात्री दहाची तक्रार दुपारी चारला आली आहे आणि ती हातांत उतरली आहे. मूळ आजारही वयानुसार हळूहळू वाढतो हे खरे, पण तो चार वर्षांत असा सहा तासांनी पुढे येत नाही. पहाटे चार-पाचला गोळीचा असर संपल्यावर येणारी वळवळ वेगळी. ती फक्त त्या मात्रेची मुदत संपल्याची खूण असते.

हा दुष्परिणाम दुर्मीळ नाही. १९९६ साली रिचर्ड ॲलन आणि ख्रिस्तोफर अर्ली यांनी लेव्होडोपा घेणाऱ्या रेस्टलेस लेग्जच्या रुग्णांमध्ये तो ८२ टक्क्यांना झाल्याचे नोंदवले होते. त्यानंतर आलेल्या प्रॅमिपेक्सोलमध्ये त्याचे प्रमाण बरेच कमी असले, तरी दीर्घकालीन पाहणीत दरवर्षी सुमारे सात टक्के रुग्णांत तो नव्याने दिसत राहतो. म्हणजे जितकी वर्षे औषध चालेल तितका हिशेब वाढत जातो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ५२ आठवड्यांच्या तुलनात्मक चाचणीत प्रीगॅबलिनवर ऑग्मेंटेशन २.१ टक्के, तर प्रॅमिपेक्सोलच्या ०.५ मिलिग्रॅम मात्रेवर ७.७ टक्के आढळले. अशा पुराव्यांच्या आधारे अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल, रोटिगोटिनची पट्टी आणि लेव्होडोपा या चारही औषधांचा नेहमीचा वापर टाळावा असे सुचवले. ज्या रोपिनिरोलला २००५ साली आणि प्रॅमिपेक्सोलला २००६ साली अमेरिकेत याच आजारासाठी मान्यता मिळाली होती, त्यांच्याबाबत वीस वर्षांत मत इतके पालटले आहे. आईंना ती गोळी चार वर्षांपूर्वी देणाऱ्या डॉक्टरांना यात दोष देण्याचे कारण नाही. त्या काळी तो सर्रास वापरला जाणारा मार्ग होता.

मात्रेबद्दल मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. पार्किन्सनच्या आजारात प्रॅमिपेक्सोल दिवसाला ४.५ मिलिग्रॅमपर्यंत दिले जाते. रेस्टलेस लेग्जमध्ये अमेरिकेतील मान्य कमाल मात्रा ०.५ मिलिग्रॅम आणि युरोपातील ०.७५ मिलिग्रॅम आहे, तीही झोपण्यापूर्वी दोन-तीन तास, एकदाच. पार्किन्सनच्या मात्रांची सवय असलेल्या नजरेला १ मिलिग्रॅम किरकोळ वाटतो, पण या आजारात तो मर्यादेबाहेर आहे. शिवाय हे औषध जवळपास संपूर्णपणे मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. म्हणून क्रिएटिनिन वाढलेले असल्यास कागदावरची मात्रा रक्तात त्याहून मोठी ठरते. आपल्या पत्रात क्रिएटिनिनचा उल्लेख नाही. ती तपासणी पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी.

आता पित्ताच्या कॅप्सूलकडे वळतो, कारण घरोघरी घेतल्या जाणाऱ्या या औषधाबद्दल फार कमी बोलले जाते. लेव्होसल्पिराइड हे डोपामाइनचे ग्राहक अडवणारे औषध आहे. त्याचा मूळ वंश मनोविकारांवरील औषधांचा आहे आणि कमी मात्रेत ते जठराची हालचाल वाढवते म्हणून आपल्या देशात ते आम्लपित्ताच्या कॅप्सूलमध्ये सर्रास मिसळलेले मिळते. म्हणजे आईंना एका हाताने डोपामाइनचे ग्राहक उत्तेजित करणारी आणि दुसऱ्या हाताने तेच ग्राहक अडवणारी गोळी दिली जाते आहे. वयस्कर व्यक्तींत या औषधाने हातांना कंप, चालण्यात मंदपणा, उदासी आणि अकाथिसिया हे सगळे होऊ शकते. अकाथिसिया रेस्टलेस लेग्जसारखाच दिसतो, पण त्याचे घड्याळ वेगळे असते: तो दिवसभर असतो, वळवळ पोटरीत नसून सगळ्या अंगात आतून अस्वस्थता असते आणि माणूस बसल्या जागी पाय आपटत, उठत-बसत राहतो. आईंमध्ये दुपारची तक्रार सगळीच ऑग्मेंटेशनची नसून काही अंशी ही असू शकेल. मळमळीवर दिले जाणारे मेटोक्लोप्रामाइड, चक्करीवर दिले जाणारे प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, तसेच सर्दी-खाजेवरची फेनिरामिन आणि क्लोरफेनिरामिन यांसारखी जुनी औषधेही अशा रुग्णांची रात्र बिघडवतात. दवाबाजारातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्या या यादीत सर्वांत जास्त असतात, म्हणून डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठ्यांची फाइल पुरेशी नाही. घरातला औषधांचा सगळा डबाच पिशवीत घालून न्यावा. पित्तासाठी नुसते रेबेप्रॅझोल बहुधा पुरेल, पण तो बदल कॅप्सूल लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारून करावा.

एस्सिटालोप्रामचा प्रश्न नाजूक आहे. सेरोटोनिनवर काम करणारी नैराश्यविरोधी औषधे काही जणांत पायांची वळवळ निर्माण करतात किंवा वाढवतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन पाहणीत अशी औषधे घेणाऱ्यांपैकी ९ टक्के रुग्णांत ही तक्रार नव्याने आली किंवा वाढली आणि मिर्टाझापिनवर हे प्रमाण २८ टक्के होते. झोपेसाठी म्हणून आपल्याकडे सहज दिली जाणारी ॲमिट्रिप्टिलिनही याच दोषाची आहे. ब्युप्रोपिऑन मात्र पाय बिघडवत नाही. इथे पुन्हा तारखा पाहाव्या लागतील: एस्सिटालोप्राम सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांत वळवळ वाढली का? तसे असेल तर मनोविकारतज्ज्ञांशी बोलून औषध बदलता येईल. पण नैराश्य खरे आणि खोल असेल आणि त्या गोळीने मन सावरले असेल, तर पायांसाठी मनाची गोळी काढण्याचे मी सुचवणार नाही. पाय आणि मन यांत निवड करायची वेळ आलीच, तर मन आधी.

स्वभावातल्या बदलाबद्दल आता सविस्तर. मला आपल्या वर्णनात तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. पहिली साधी आहे: वर्षानुवर्षे तुटक झोप झालेला माणूस चिडतो, कंटाळतो, रडतो, आणि रेस्टलेस लेग्जच्या रुग्णांत नैराश्य इतरांपेक्षा अधिक आढळते. ही उदासी सकाळी थकव्याबरोबर येते आणि दोन-तीन रात्री चांगली झोप झाली की हलकी होते. दुसरी गोष्ट औषधाच्या चढ-उताराची आहे. प्रॅमिपेक्सोल हे मन उचलणारे औषध आहे. नैराश्यावर त्याचे प्रयोगही झालेले आहेत. दोन मात्रांच्या मधल्या काळात त्याचा असर ओसरतो तेव्हा काही रुग्णांना पायांच्या वळवळीबरोबरच धाकधूक, चिडचिड, विनाकारण भीती असे काही जाणवते आणि गोळी घेतल्यावर तासाभरात ते निवळते. ही चिडचिड चार वाजता येत असेल आणि सहाच्या गोळीनंतर जात असेल, तर तिच्यावर नैराश्याची गोळी कामी येणार नाही. तिसरी गोष्ट खरेदीची.

आपण खरेदीचा उल्लेख शेवटच्या ओळीत, जवळजवळ माफी मागितल्यासारखा केला आहे, पण माझ्या दृष्टीने तो पत्रातला सर्वांत महत्त्वाचा धागा आहे. डोपामाइनचे ग्राहक उत्तेजित करणारी औषधे मेंदूतील बक्षिसाच्या यंत्रणेवरही काम करतात आणि काही रुग्णांत जुगार, खरेदी, खाणे किंवा कामवासना यांवरचा ताबा सुटतो. पार्किन्सनच्या ३०९० रुग्णांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या डोमिनियन या पाहणीत असे वर्तन १३.६ टक्के रुग्णांत आढळले. ही ग्राहक-उत्तेजक औषधे घेणाऱ्यांत ते १७.१ टक्के आणि न घेणाऱ्यांत ६.९ टक्के होते. मात्रा लहान असल्याने रेस्टलेस लेग्जच्या रुग्णांत हे होत नसेल असे आधी वाटत असे. त्याच वर्षीच्या मेयो क्लिनिकच्या पाहणीने तो समज दूर केला. हे वर्तन औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांनी हळूहळू येते, म्हणून कोणी त्याचा संबंध गोळीशी लावत नाही. रुग्णाला लाज वाटते आणि तो लपवतो. घरच्यांना तो स्वभावदोष वाटतो.

आपल्या शहराच्या सवयी हे लपवायला मदतही करतात, हे इथे नमूद करायला हरकत नाही. रात्री अकराला सराफ्यातल्या खाऊबाजारात जाणे हा इंदूरमध्ये कोणाच्याही काळजीचा विषय होत नाही. निवृत्त गृहस्थ मोबाइलवर वायद्याचे सौदे करतो तेव्हा त्याला व्यवहारी म्हणतात. आणि मुलीच्या लग्नाच्या वयात आईने साड्या घेतल्या तर कोण हिशेब मागणार? म्हणून प्रश्न वस्तूंचा विचारू नये, बदलाचा विचारावा. पूर्वी पैसे जपून वापरणारी व्यक्ती आता न उघडलेली पार्सले कपाटात ठेवते का? मागवताना स्वतःला थांबवता येत नाही असे तिला वाटते का? हे रात्रीच्या मात्रेनंतर वाढते का? आईंशी हे बोलताना आरोपाचा सूर अजिबात नको. औषधाने असे होऊ शकते, यात तुझा दोष नाही, असे पहिल्या वाक्यातच सांगावे. नंतर काही काळ बँकेच्या खात्याला खर्चाची मर्यादा लावणे आणि फोनमधून कार्डाची साठवलेली माहिती काढणे हे उपाय त्यांच्या संमतीने करावेत. मात्रा कमी होत गेली की हे वर्तन बहुतेक रुग्णांत ओसरते.

पुण्यातल्या दोन दिवसांविषयी. गोळी एकाएकी थांबल्यावर दोन गोष्टी एकत्र घडतात. पायांची वळवळ आधी दबून होती ती पूर्ण जोराने वर येते आणि त्यात रात्रभर पाय मुडपून केलेला स्लीपर बसचा प्रवास. या आजाराला त्याहून प्रतिकूल जागा शोधूनही सापडणार नाही. दुसरी गोष्ट मनाची आहे: धडधड, घाम, भीतीचे झटके, रडू, आणि त्या गोळीचीच तीव्र ओढ. २०१० साली अमेरिकेतील रॅबिनॅक आणि निरेनबर्ग यांनी पार्किन्सनच्या रुग्णांत हे प्रथम वर्णिले आणि पुढे ते रेस्टलेस लेग्जमध्येही दिसले. ज्यांना ताबा सुटल्याची तक्रार आधी असते त्यांनाच याचा धोका जास्त असतो, म्हणून आईंच्या बाबतीत खरेदी आणि पुण्यातला त्रास मला एकाच चित्राचे दोन भाग वाटतात. या त्रासाला दुसरे कोणते औषध खात्रीने थांबवत नाही. तो टाळण्याचा मार्ग म्हणजे गोळी अतिशय सावकाश उतरवणे. उतरवताना मन फार खचले, जगणे नकोसे वाटण्याची भाषा निघाली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. १४४१६ या शासनाच्या टेलि-मानस क्रमांकावरही कोणत्याही वेळी बोलता येते.

मग करायचे काय? पहिले काम लोहाचे. हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणून लोह पुरेसे आहे असे या आजारात मानता येत नाही. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात वाहून नेल्या जाणाऱ्या लोहाचे प्रमाण) सकाळी उपाशीपोटी तपासावे आणि आदल्या दिवशी लोहाची गोळी घेऊ नये. इतर कोणाला ३० नॅनोग्रॅमचे फेरिटिन प्रयोगशाळा सामान्य म्हणून लिहून देईल. रेस्टलेस लेग्जमध्ये प्रौढांना ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी फेरिटिन, अथवा २० टक्क्यांखालचे सॅच्युरेशन असल्यास लोह द्यावे असा संकेत आहे, आणि फेरिटिन ७५ ते १०० च्या दरम्यान असल्यास शिरेवाटे लोहाचा विचार करता येतो. शरीरात लोह कमी असताना ऑग्मेंटेशनही अधिक होते, म्हणून हे काम मात्रा उतरवण्याआधीच सुरू व्हावे. तोंडाने घ्यायची गोळी दिवसातून एकदा किंवा दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. सकाळच्या पोह्यांबरोबर चहा आणि त्याच चहाबरोबर लोहाची गोळी, ही आपल्याकडची रीत गोळी वाया घालवणारी आहे. फरक दिसायला तीन महिने लागतात. शिरेवाटे फेरिक कार्बोक्सिमाल्टोज दिल्यास तो अनेकांत चार ते सहा आठवड्यांत दिसतो, पण ते रुग्णालयातच घ्यावे.

दुसरे काम पर्यायी औषध आधी बसवण्याचे. गाबापेंटिन किंवा प्रीगॅबलिन ही आज पहिल्या पसंतीची औषधे आहेत. साठीपुढच्या व्यक्तीत ती अगदी लहान मात्रेने, रात्रीच, सुरू करून दर काही दिवसांनी वाढवतात; बहुतेकांना अखेरीस १२०० ते १८०० मिलिग्रॅम गाबापेंटिन किंवा १५० ते ४५० मिलिग्रॅम प्रीगॅबलिन लागते. त्यांनी गुंगी, तोल जाणे, वजन वाढणे आणि पायांवर सूज येऊ शकते आणि क्वचित मनही बिघडते; म्हणून रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा ठेवावा आणि मूत्रपिंडाच्या कार्यानुसार मात्रा ठरवून घ्यावी. ज्यांनी वर्षानुवर्षे डोपामाइनची गोळी घेतली आहे त्यांना पहिले काही आठवडे ही औषधे फिकी वाटतात. आईंनी ‘याने काहीच होत नाही’ असे म्हटले, तर लगेच नाउमेद होऊ नये.

त्यानंतर प्रॅमिपेक्सोल उतरवणे. साधारणपणे ०.१२५ मिलिग्रॅमचा टप्पा घेऊन प्रत्येक टप्प्यावर एक-दोन आठवडे थांबतात आणि आईंसारख्या रुग्णात मी घाईच्या बाजूने कधीच नसतो. प्रत्येक टप्प्यावर दोन-चार रात्री जड जातील आणि शेवटची गोळी सुटल्यानंतरचे चार ते दहा दिवस सर्वांत कठीण असतील. त्या आठवड्यात घरात लग्नकार्य, प्रवास किंवा पाहुणे नसतील असा काळ निवडावा. गरम पाण्याने पाय शेकणे, पोटऱ्या ताणणे, संध्याकाळनंतर चहा-कॉफी बंद ठेवणे, बसून करायच्या कामांत शब्दकोडे किंवा विणकाम यांसारखे मन गुंतवणारे काही हाताशी ठेवणे, यांनी ते दिवस सुसह्य होतात. याहून अधिक अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नये. फारच कठीण रुग्णांत अल्प मात्रेतील अफूवर्गीय औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरली जातात. ट्रॅमॅडॉल मात्र सहज मिळते म्हणून घेऊ नये, कारण त्यानेही ऑग्मेंटेशन झाल्याच्या नोंदी आहेत.

हे सगळे लिहिताना एक धोका मला जाणवतो. आपल्या नात्यात किंवा शेजारी कोणी पार्किन्सनसाठी याच गोळ्या घेत असेल, तर वरचे एकही वाक्य त्यांना जसेच्या तसे लावू नये. त्या आजारात मेंदूतले डोपामाइनच आटलेले असते आणि गोळ्या अचानक थांबल्या तर तीव्र ताठरपणा, ताप आणि बेशुद्धी येऊन जिवावर बेतू शकते. पार्किन्सनच्या रुग्णात दोन मात्रांच्या मध्ये पायांची अस्वस्थता आणि भीती-उदासी एकत्र आली, तर बहुधा लेव्होडोपाचा असर लवकर संपतो आहे असा त्याचा अर्थ होतो आणि उपाय उलटा असतो: दोन मात्रांमधले अंतर कमी करणे. त्यांनी लेव्होडोपा जेवणापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यावे आणि लोहाची गोळी त्यापासून निदान दोन तास दूर ठेवावी, कारण लोह त्याला बांधून ठेवते आणि शोषले जाऊ देत नाही. खाजकुइलीच्या बियांची पूड, जी इथल्या दुकानांत कौंच म्हणून मिळते, ती ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून वरून घेणारे रुग्ण मला नेहमी भेटतात. त्या बियांच्या वजनाच्या सुमारे ४ ते ६ टक्के लेव्होडोपाच असते. १९३७ सालीच भारतीय संशोधकांनी ते त्यातून वेगळे काढले होते. डॉक्टरांना न सांगता ती घेतली तर मात्रेचा सगळा हिशेब चुकतो. आपल्या आईही शक्तिवर्धक म्हणून असे काही घेत नाहीत ना, हे एकदा पाहावे.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन आठवड्यांची एक वही तयार करावी: वळवळ किती वाजता सुरू झाली, कोणती गोळी किती वाजता घेतली, मन केव्हा बिघडले, केव्हा निवळले, झोप किती लागली, आणि त्या रात्री काही मागवले का. डॉक्टरांना मी पुढे लिहिलेले तीन प्रश्न विचारावेत असे सुचवेन. हे ऑग्मेंटेशन आहे असे आपल्याला वाटते का? लेव्होसल्पिराइडची खरोखर गरज आहे का? मात्रा उतरवताना मनोविकारतज्ज्ञ आणि आपण एकमेकांशी बोलाल का? उत्तरादाखल प्रॅमिपेक्सोलची मात्रा आणखी वाढवण्याचा किंवा दुपारची तिसरी गोळी जोडण्याचा सल्ला मिळाला, तर नम्रपणे दुसरे मत घ्यावे.

राहिला आपल्या स्वतःचा प्रश्न. या आजाराला आनुवंशिकता आहे; सुमारे निम्म्या रुग्णांच्या कुटुंबात तो आढळतो आणि २००७ साली बीटीबीडी-९ व एमईआयएस-१ यांसारखी संबंधित जनुकेही सापडली. आईंना तो साठीच्या आसपास सुरू झाला आहे आणि कौटुंबिक प्रकार बहुधा पंचेचाळिशीच्या आत डोके वर काढतो, त्यामुळे आपल्याला तो होईलच असे मानण्याचे कारण नाही. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, पाय असे वळवळत होते का हे आठवून पाहावे; तसे असल्यास पुढे शक्यता काहीशी वाढते. मासिक रक्तस्राव जास्त असेल किंवा आपण नियमित रक्तदान करत असाल, तर आईंबरोबर आपलीही फेरिटिनची तपासणी करून घ्यावी. आज पायांची काही तक्रार नसेल, तर त्यापलीकडे कोणतीही गोळी घेण्याची गरज नाही.